ताबा घेण्याआधी तपासणी करणारे मूर्ख नसतात

पुनावळेकर: काल इथे एकाने लिहिलं, 'नव्या कोऱ्या फ्लॅटच्या तपासणीला बाहेरचा माणूस लावणं म्हणजे पैसे उधळणं. महारेराची 5 वर्षांची हमी आहेच.' खाली नुसते अंगठे. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रेरा, म्हणजे घरबांधणीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं कलम 14(3) नीट वाचा. ताब्यापासून 5 वर्षांत दोष दाखवून दिला, तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. पण दाखवून द्यायचा आपण. आणि तो बिल्डरचाच, हे कशावरून ठरणार? ताबा मिळाला की आपण लगेच ट्रॉल्या बसवतो, फॉल्स सीलिंग करतो, गीझरच्या पाइपसाठी भिंत फोडतो. पहिल्या पावसाळ्यात ओल आली की साइट ऑफिसचं उत्तर तयार: 'तुमच्या इंटिरियरवाल्याने फोडाफोडी केली.' तशी फोडाफोडी केली तर हमी संपली, हे कलम करारात बहुतेक वेळा असतंच.

आमच्याकडे बाथरूमची नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या तोंडाला, बोळा घालून तुंबवून ठेवली. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटच्या छताला ट्रॅपभोवती ओलं कडं. फोटो काढले, ताब्याच्या कागदावर सही करायच्या आधी मेल टाकला. टाइल्स उचकटून वॉटरप्रूफिंग पुन्हा झालं, एक पैसा न देता. तो बाहेरचा माणूस नसता तर मला हे सुचलंही नसतं.

साइटवरचा: पुनावळेकर, ओल सापडली, चांगलं झालं. पण हे तपासणीवाले काय देतात ते मी रोज बघतो. जाडजूड अहवाल. त्यात अर्ध्या नोंदी रंगाचे डाग आणि दाराला खरवडा. काँक्रीट कसं ओतलं, सळईवर काँक्रीटचं कव्हर किती दिलं, क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट मुरवणं) झालं का, हे यांच्या थर्मल (उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात दिसत नाही. जे खरंच धोक्याचं आहे ते प्लास्टरमागे गेलेलं असतं. वर ही मंडळी फी चौरस फुटावर घेतात!

पुनावळेकर: म्हणजे कव्हर दिसत नाही म्हणून अर्थिंगही बघू नये? बिल्डरची बाजू घ्यायची तर सरळ सांगा.

साइटवरचा: तोंड सांभाळून बोला. मी पगारी इंजिनियर आहे, कुणाचा दलाल नाही.

टँकरग्रस्त: तुम्ही दोघं ट्रॅप आणि सळया घेऊन बसलात. पाण्याचं काय? आमच्या टॉवरला भोगवटा पत्र (राहायला परवानगीचा दाखला) आहे, नळ आहेत, नळाला पाणी नाही. वर्षभर टँकर. त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये, आणि मेंटेनन्स दरवर्षी वाढतोय. 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यांतलंच आमचं. पाइपलाइन येईपर्यंत आमची मुलं कॉलेजला जातील.

वाकडची_स्मिता: अगदी! आणि पिंपरी-चिंचवडवाल्यांनी हसू नये. आमच्याकडे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी आहे. तेव्हा तात्पुरतं म्हणाले होते. नवे टॉवर मात्र थांबले नाहीत, 25-30 मजल्यांचे उभे राहतायत. सॅम्पल फ्लॅटमध्ये शॉवर धो धो चालतो, तो कशावर चालतो हे कुणी विचारत नाही.

टँकरग्रस्त: विचारलं होतं हो. सेल्सवाली मुलगी म्हणाली, 'सर, कॉर्पोरेशनचं कनेक्शन प्रोसेसमध्ये आहे.' अजून प्रोसेसमध्येच आहे.

साइटवरचा: यावर मात्र मी तुमच्या बाजूने. बोअर आटल्यावर टँकरची रांग मी गेटवर पाहिली आहे.

हिंजवडी_आयटी: पण लोक थांबतात कुठे? 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्यावर गृहकर्जाचं व्याज हलतं) 6.5 वरून 5.5 टक्क्यांवर आला. हप्ता उतरला की तेवढ्याच हप्त्यात मोठा फ्लॅट, आणि लगेच बुकिंग. मीही त्यातलाच. तयार फ्लॅटला भोगवटा पत्रानंतर जीएसटी नाही, बांधकाम चालू असेल तर 5 टक्के. तरी गर्दी प्री-लाँचला, म्हणजे प्रकल्प रीतसर जाहीर व्हायच्याही आधी! मग तपासायचं काय, ब्रोशर?

पुनावळेकर: धागा पाण्यात वाहून गेला. माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही.

टँकरग्रस्त: खोडायचा कशाला? तपासणीच्या यादीत पाणी नाही, एवढंच म्हणणं. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, टँकर दिवसाला किती येतात. फुकट तपासणी.

पुनावळेकर: बरं, वॉचमन मान्य. पण वॉचमन आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप करून दाखवणार नाही.

साइटवरचा: ठीक आहे, पाणी तुंबवून बघणं आणि वायरिंग, हे दोन करा. पुढच्या पानांचे पैसे देऊ नका. आणि नाणं घेऊन टाइल्स स्वतः वाजवा, पोकळ असेल तर आवाजच सांगतो.

वाकडची_स्मिता: बिल्डर बाहेरच्या माणसाला आत सोडतच नाही, त्याचं काय? आम्हाला गेटवर सांगितलं, 'फक्त ज्यांच्या नावावर ॲग्रीमेंट आहे ते.'

पुनावळेकर: ताई, तोंडी नको. मेलवर लेखी नकार मागा. आम्हालाही आधी नाहीच म्हणाले होते. लेखी मागितल्यावर दोन दिवसांत सोडलं.