मुरबाड-शहापूर पट्ट्यात मातीवरच्या रॅलीचा प्रादेशिक मोसम हवा की नको?

घोडबंदरकर
माझं मत स्पष्ट आहे, हवा. राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या चिकमगळूरला होतात, कोइम्बतूरला होतात, पार अरुणाचलातही झाल्या. आपल्याकडे नाशिकने काही वर्षं मान राखला, बस्स. १९८० साली हिमालयन रॅली सुरू केली ती मुंबईच्या नझीर हुसेन यांनी. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धेत गाडी चालवून आले. आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या पोराला मातीवर गाडी कशी वळवायची हे शिकायचं तर गाडी ट्रेलरवर टाकून दुसऱ्या राज्यात जावं लागतं.

डिसेंबर ते मार्च, तीन-चार फेऱ्या, प्रत्येक एका दिवसाची. मुरूमाचा सात-आठ किलोमीटरचा एकच स्टेज, म्हणजे रहदारी बंद करून वेळ मोजायचा रस्ता, तोच सकाळ-दुपार. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीला शिक्षा सांगतं ते राज्य सरकारची लेखी संमती नसेल तर. म्हणजे रीतसर वाट आहे. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर मध्यरात्री गाड्या ताणणाऱ्या पोरांनाही निदान एक योग्य जागा दाखवता येईल.

मुरबाडकर
दादा, तुमचा स्टेज म्हणजे आमचा रोजचा रस्ता. त्यावरून पाड्यातली पोरं आश्रमशाळेत जातात, पेंढ्याचे ट्रॅक्टर जातात, पहाटे दूधवाला जातो.

रॅली झालेला रस्ता तुम्ही दुसऱ्या दिवशी बघितलाय का? वळणाच्या आतल्या अंगाचा मुरूम पूर्ण उपटलेला असतो आणि त्याचा ढीग बाहेरच्या कडेला. मध्ये टोकदार दगड उघडे. एक गाडी जाऊन भागत नाही, तीस गाड्या त्याच चाकोरीतून दोनदा जातात. तुमचं सर्व्हिस पार्क, म्हणजे गाड्या दुरुस्त करायचा तळ, संध्याकाळी उठतं, त्या दगडांवरून आमची मोटारसायकल पावसाळ्यापर्यंत घसरत राहते.

आणि मार्च म्हणता? भातसा, तानसा, वैतरणा उशाला असून शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्या दिवसांत धूळ बसवायला तुम्ही रस्त्यावर पाणी मारणार? बायका हंडे घेऊन उभ्या असताना? हे मला सहन होणार नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर एक मोटारसायकल आली आणि एकाच घरातली तीन माणसं गेली. गाडी चालवणारा देशातला सगळ्यात कसलेला ड्रायव्हर होता. तिथे जे टळलं नाही ते इथल्या नवख्यांकडून टळेल?

पेसनोट्स_नेरुळ
मी को-ड्रायव्हरच्या सीटवर बसते, ड्रायव्हरला पुढचं वळण वाचून सांगते, म्हणून लिहिते. मुरबाडकर दादांचा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. पहिल्या गाडीआधी झिरो कार रस्ता तपासत जाते, पण ती गेली म्हणजे रस्ता दिवसभर मोकळा झाला असं नाही. तिच्या मागे दोन मिनिटांनी एखादा माणूस शेतातल्या पायवाटेने वर आला, तर आम्हाला तो वळण संपल्यावरच दिसणार. मी वहीत मान घालून "डावं चार, पुढे साठ मीटर, चढावरून उजवं" वाचत असते; चार म्हणजे वळण किती तीव्र त्याचा आकडा. रेकीला, म्हणजे आधी रस्ता बघून वळणं टिपतो तेव्हा, तिथे माणूस नव्हता, म्हणून नोट्समध्येही तो नाही.

त्यामुळे उपाय ड्रायव्हरच्या कसबात शोधू नका, तो मार्शलमध्ये, म्हणजे रस्ता अडवून उभ्या राहणाऱ्या माणसात आहे. प्रत्येक पायवाटेवर, प्रत्येक घराच्या फाटकाशी माणूस हवा, आणि तो त्याच गावचा हवा. बाहेरून आणलेल्या स्वयंसेवकाला ओढ्यातून वर येणारी वाट माहीत नसते. तेवढी माणसं उभी राहिली नाहीत तर स्टेज रद्द, मग प्रायोजक कितीही ओरडोत.

घोडबंदरकर, पाम बीचचा मुद्दा मात्र मला पटत नाही. त्या मुलांना शेजारच्या गाडीला मागे टाकायचं असतं, कुणीतरी बघायला हवं असतं. रॅलीत गाड्या एक-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात, तुम्ही धुळीत एकटे आणि समोर फक्त घड्याळ. ती मुलं इथे येणार नाहीत. हा खेळ त्याच्या स्वतःच्या गुणांवर मागा.

सानपाडा_गॅरेज
खर्चाचं कोणीच बोलत नाही. रोल केज (गाडीतला पाइपांचा पिंजरा), हार्नेस (शर्यतीचा पट्टा), सीट, आग न लागणारा सूट, हेल्मेट, सम्प गार्ड (इंजिनाखालचं संरक्षक पत्रं), यातलं काही वगळता येत नाही आणि वगळूही नये. मोसम करायचा तर इंजिनाला हात लावायची बंदी घाला आणि टायरच्या संख्येवर मर्यादा ठेवा. मारुतीच्या जुन्या जिप्सी, एस्टीम अजून मिळतात. नाहीतर पहिल्या वर्षी चाळीस नोंदण्या आणि दुसऱ्या वर्षी फक्त बिल्डरांची मुलं, हे होणारच.

मुरबाडकर
मग खदानीत करा ना! तुर्भ्याच्या बाजूला डोंगर पोखरून ठेवलेत. तिथे ना शाळा, ना शेत. तानसा अभयारण्याच्या जवळपास आवाज करायचीही गरज नाही.

घोडबंदरकर
खदानीत ऑटोक्रॉस, म्हणजे बंदिस्त मोकळ्या जागेत आखलेल्या वाटेवरची शर्यत, होईल आणि ती व्हायलाच हवी, शिकाऊ पोरांसाठी उत्तम. पण खदानीतलं सगळं वळण एका नजरेत दिसतं. रॅली म्हणजे न दिसणाऱ्या वळणावर शेजारच्या माणसाच्या शब्दावर गाडी टाकणं. कोरड्या मातीत पहिली गाडी सुटी खडी झाडत जाते, मागच्याला पकड वेगळी मिळते, दुसऱ्या फेरीत तोच रस्ता निराळा होतो. हे खऱ्या रस्त्यावरच कळतं. त्यामुळे मी रस्ता सोडणार नाही. मार्च सोडतो, जानेवारीअखेर मोसम संपवू. पाणी मारायचं नाही. धूळ बसायला गाड्यांमधलं अंतर वाढवू. रस्ता दुरुस्तीची रक्कम आधी ग्रामपंचायतीकडे जमा, रोलर फिरल्याशिवाय परत मागायची नाही.

मुरबाडकर
मी अजूनही विरोधातच आहे. पण रक्कम आधी ठेवणार म्हणता, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत येऊन हे सांगा. यंदा फक्त बोलायला या, गाड्या आणू नका. ताईंनाही आणा. पायवाटा आमच्या म्हाताऱ्या माणसांकडून मोजून घ्या, नकाशावर अर्ध्यासुद्धा सापडणार नाहीत.

पेसनोट्स_नेरुळ
येते. आणि पायवाटांसाठी सभेच्या आदल्या दिवशी पायी फिरू. कोण सोबत येणार?