न्यायदंडाधिकारी पदावर असतानाच वारले, तर अर्ध्यावरच्या खटल्यांचं काय होतं?

प्रश्न
तालुका कोर्टात बराच काळ फौजदारी काम पाहिलेले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी नोकरीत असतानाच वारले. 2023 साली दाखल झालेली तीन तऱ्हेची प्रकरणं अडली आहेत. मारहाणीच्या आर.सी.सी.मध्ये (नियमित फौजदारी खटल्यात) पुरावा आणि युक्तिवाद संपून निकालाची तारीख पडली होती. चेक न वटल्याच्या एस.सी.सी.मध्ये (संक्षिप्त फौजदारी खटल्यात) फिर्यादीचा उलटतपास झालाय. तिसरा खटला सत्र न्यायालयात आहे, पण त्यातल्या आरोपीचा कबुलीजबाब याच साहेबांनी नोंदवला होता. नवे साहेब आले की काय पहिल्यापासून सुरू होईल आणि काय पुढे चालेल?

फौजदारी वकील
1 जुलै 2024 पूर्वी चालू असलेले खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसारच चालतात, म्हणून कलम 326 बघा. त्या तारखेपासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच 365 आहे. आधीच्या दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलेला पुरावा नव्यांना वापरता येतो. एखादा साक्षीदार न्यायासाठी पुन्हा तपासणं गरजेचं वाटलं तर ते त्याला परत बोलावू शकतात. त्यामुळे मारहाणीच्या खटल्यात साक्षी पुन्हा होणार नाहीत. युक्तिवाद मात्र नव्याने करावा लागेल, कारण युक्तिवाद म्हणजे पुरावा नव्हे आणि ज्याने तो ऐकला नाही त्याने निकाल देणं बरोबर नाही. लेखी युक्तिवाद आधीच दाखल असला तरी तोंडी सुनावणी मागून घ्या आणि तशी नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) आली का ते पाहा.

नवी नेमणूक होईपर्यंत चार्ज दुसऱ्या न्यायाधीशांकडे जातो. उत्तराधिकारी कोण यावर शंका निघाली तर मुख्य न्यायदंडाधिकारी लेखी आदेशाने ठरवतात. रिमांड आणि जामिनाची कामं थांबत नाहीत. दोषारोपपत्रासाठीची 60 किंवा 90 दिवसांची मुदतही चालूच राहते. साहेब नव्हते ही सबब तिथे चालत नाही.

प्रश्नकर्ता
निकाल टाइप होऊन स्टेनोकडे तयार आहे असं ऐकलं. तोच वाचून दाखवता येणार नाही का?

फौजदारी वकील
नाही. सुरेंद्र सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा 1954 चा निकाल याच मुद्द्यावर आहे. लखनौ खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींनी अपील ऐकलं. त्यांपैकी न्या. भार्गव यांनी निकालपत्राच्या प्रत्येक पानावर सही केली होती, पण 24 डिसेंबर 1952 ला ते वारले. 5 जानेवारी 1953 ला दुसऱ्या न्यायमूर्तींनी तो निकाल जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवून अपील फेरसुनावणीला पाठवलं. जाहीर होईपर्यंत न्यायाधीशाला मत बदलण्याची मोकळीक असते, म्हणून तोवरचा कागद मसुदाच. सह्या असूनही ही गत, मग स्टेनोच्या संगणकातल्या प्रतीचं काय घेऊन बसलात!

दिवाणी बाजूला उलट आहे. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20 नियम 2 प्रमाणे आधीच्या न्यायाधीशाने लिहिलेला निकाल नव्यांनी जाहीर करायचा असतो. तालुक्याला एकच अधिकारी दोन्ही कामं पाहतो, म्हणून घोटाळा होतो.

चेकची प्रकरणं पाहणारे वकील
तुमच्या एस.सी.सी.त खरी मेख आहे. 326 चं पोटकलम 3 संक्षिप्त खटल्यांना आधीचा पुरावा वापरण्याचा हा नियम लागू करत नाही. तिथे साक्षीचा फक्त सारांश लिहिलेला असतो, त्यावरून नवा माणूस साक्षीदाराला तोलणार कसा? सर्वोच्च न्यायालयाच्या नितीनभाई शाह प्रकरणात (2011) याच कारणाने चेकचा खटला पहिल्यापासून चालवावा लागला. पुढे मेहसाणा नागरिक सहकारी बँकेच्या प्रकरणात (2014) न्यायालयाने स्पष्ट केलं की खटला प्रत्यक्षात संक्षिप्त न चालता समन्स खटल्याच्या नेहमीच्या पद्धतीने, साक्ष सविस्तर नोंदवून चालला असेल तर पुन्हा सुरुवात नको.

म्हणून आधी रोजनामा आणि साक्षीची पानं तपासा. समन्स खटला म्हणून चालवण्याचा कारणांसह आदेश आहे का? उलटतपास प्रश्नागणिक सविस्तर उतरवलाय का? असेल तर नक्कल जोडून पुढे चालवण्याचा अर्ज द्या. नाहीतर फिर्यादीच्या साक्षीचं शपथपत्र पुन्हा दाखल करायचं आणि चेक, बँकेचा रिटर्न मेमो, नोटीस, पोस्टाची पावती यांवर परत निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पाडून घ्यायची. दोन्ही बाजू "चालेल" म्हणाल्या आणि पुरशिस (तसं लेखी निवेदन) दिली, तरी हा दोष भरून निघत नाही. नितीनभाई प्रकरणातही अशी पुरशिस होती. अपिलात सगळं कोसळण्यापेक्षा आताच मुद्दा उपस्थित केलेला बरा.

सत्र न्यायालयात काम करणारे वकील
कबुलीजबाब नोंदवणारे साहेब हयात नाहीत म्हणून तो बाद होत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 80 खाली तो खरा आणि रीतसर घेतला असं न्यायालय गृहीत धरतं. पण खालचं दंडाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, सही, कबुली देणं बंधनकारक नाही अशी समज दिल्याची नोंद यांत उणीव असेल तर अडचण. एरवी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 463 खाली साहेबांनाच साक्षीला बोलावून ती सुधारता आली असती. आता त्या वेळी हजर असलेला कर्मचारी सापडला तरच काही हाती लागेल.

दंडाधिकाऱ्याने मृत्युपूर्व जबाब नोंदवला असेल तर त्याला जास्त फटका बसतो. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2002) मध्ये घटनापीठाने म्हटलं की जखमी जबाब देण्याच्या मानसिक स्थितीत असल्याची दंडाधिकाऱ्याची खात्री होती असं दिसलं, तर डॉक्टरचा शेरा नसला तरी चालतो. ती खात्री सांगणारेच गेले तर डॉक्टरचा शेरा आणि डॉक्टरची साक्ष यांवरच सगळा भार येतो. सही-अक्षर ओळखणारा कारकून साक्षीदारांच्या यादीत घालायला सरकारी वकिलांना आताच सांगा.