लालमन शुक्लाला बक्षीस का नाही मिळालं?

प्रश्न: एलएलबी पहिलं वर्ष. सकाळी कॉलेज, दुपारपासून फोर्टात नोकरी. करार कायदा वाचायला मिळतो तो डोंबिवली लोकलमध्येच. 'लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त' (१९१३) मला पटतच नाही. मालक गौरी दत्तने आपल्या हरवलेल्या पुतण्याला शोधायला नोकर लालमनला हरिद्वारला धाडलं, मागाहून ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. पोरगा त्यानेच शोधला, तरी बक्षीस नाही? काल भांडुपपर्यंत त्याच पानावर बोट ठेवून बसले होते.

उत्तर १: ताई, राग रास्त आहे, पण करार कायद्याचं कलम ४ वाचा. प्रस्ताव समोरच्याला कळला, तेव्हाच तो पोहोचला. याला बक्षिसाचा पत्ताच नव्हता, मग स्वीकारलं काय? शिवाय शोधणं हे त्याचं नेमून दिलेलं काम होतंच. मी दिवाणी कोर्टात रोज पाहतो, माणसं मेहनतीवर हक्क सांगतात, कोर्ट विचारतं करार कुठे झाला.

उत्तर २: १८७२ च्या कायद्यात कलमांखाली उदाहरणं दिलीत, ती आधी वाच. कलम ४ खाली घरविक्रीच्या पत्राचं आहे: पत्र 'ब'ला मिळालं की प्रस्ताव पोहोचला. मग घरचा लीव्ह अँड लायसन्सचा (भाड्याच्या घराचा) कागद काढ, त्यात प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (मोबदला) पेन्सिलीने खुणाव. माझा विषय तिथे सुटला.

प्रश्नकर्ती: आईकडून आमचा अकरा महिन्यांचा कागद मागून घेतला. डिपॉझिटच्या ओळीखाली पहिली खूण केली. बक्षिसाचं आता कळलं, पण त्या माणसाचं वाईट वाटतंच.