मदत हवी आहे: जपानी बालवाडीच्या क्रीडादिनाला समूहनृत्यासाठी उडत्या चालीचं गाणं

नमस्कार मंडळी,

मी टोकियोच्या एदोगावा भागात राहते आणि घराजवळच्या एका हॉइकुएनमध्ये (बालवाडीत) मदतनीस म्हणून काम करते. ऑक्टोबरात आमची उन्दोकाई, म्हणजे क्रीडादिन आहे. मोठ्या गटाच्या समूहनृत्यासाठी यंदा मी दोन-तीन गाणी सुचवावीत, असं वर्गाच्या सेन्सेईंनी (शिक्षिकांनी) सांगितलंय. मुलं पाच-सहा वर्षांची आहेत. निम्मी जपानी, बाकीची भारतीय आणि नेपाळी. हे काम मनापासून चांगलं व्हावं असं वाटतंय, म्हणून इथे विचारते.

ज्यांनी उन्दोकाई पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लाल आणि पांढरा असे दोन गट, धावणं, रस्सीखेच, उंच काठीवरच्या टोपलीत चेंडू टाकणं, शेवटी रिले. आईबाबा, आजी-आजोबा सकाळपासून चटया टाकून बसतात. शर्यतीत कुणी पुढे, कुणी मागे असतं, पण नाचात अख्खा वर्ग एकत्र असतो. जे मूल शर्यतीत नेहमी शेवटी येतं त्याचेही आईबाबा त्या तीन मिनिटांत ताठ मानेने बघत असतात. त्यामुळे गाणं असं हवं की एकही मूल बावचळून उभं राहू नये.

आत्तापर्यंत पुढे आलेली गाणी:

'पाप्रिका'. केन्शी योनेझु यांचं, फूरिन या मुलांच्या गटाने गायलेलं, 2018 चं. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर सतत लागायचं, 2019 चा जपान रेकॉर्ड पुरस्कारही याच गाण्याला मिळाला. नाच मुलांसाठीच बसवलेला आहे, यात वादच नाही. पण आमच्याकडे ते आधी होऊन गेलंय आणि धाकट्या भावंडांच्या आयांना आता नवीन काहीतरी हवंय.

'आयडॉल'. योआसोबी, 2023. पोरं दिवसभर गुणगुणतात. पण वेग मिनिटाला 166 ठोके! शिवाय गाणं आहे खोटं बोलून सगळ्यांचं प्रेम मिळवणाऱ्या आयडॉलबद्दल, म्हणजे पॉप गायिकेबद्दल. पाच वर्षांच्या मुलांच्या तोंडी मला ते बरं वाटत नाही. धाकट्या सेन्सेईंना मात्र हेच हवंय.

'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न'. क्रीपी नट्स, 2024, 'मॅशल' या ॲनिमेचं (जपानी कार्टून मालिकेचं) सुरुवातीचं गाणं. त्यातला हात-गुडघ्यांचा नाच मुलांना शिकवावाच लागत नाही, घरूनच शिकून आलीत. शब्द इतके भरभर जातात की मोठ्यांनाही म्हणता येत नाहीत.

आणि 'सोरान'. हे पॉप नाही हे मला माहीत आहे. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या, हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांचं हे गाणं. आज शाळाशाळांतून जो नाच होतो तो तिथल्याच वाक्कानाई शहराच्या मिनामी माध्यमिक शाळेतून पसरला, ताकिओ इतो यांच्या रॉक थाटाच्या सोरानवर बसवलेला. जाळं ओढायचं, लाट दाखवायची, मध्येच सगळ्यांनी मिळून "दोक्कोइशो!" अशी आरोळी द्यायची. आमच्या ज्येष्ठ सेन्सेई याच्या बाजूने आहेत. मीही शाळेत 26 जानेवारीला लेझमीत असायचे, त्यामुळे माझं मन तिकडे ओढतं, हे खरं.

माझे प्रश्न:
इतक्या लहान मुलांना कोणता वेग झेपतो? हातात काही वाजवायला दिलं तर गोंधळ वाढतो की ताल सुधारतो? आणि आईबाबा व्हिडिओ काढून नेटवर टाकतात, त्यात गाण्याच्या हक्कांची अडचण येते का?

आमचं अंगण लहान असल्याने कार्यक्रम शेजारच्या प्राथमिक शाळेच्या मैदानावर आहे, हेही लक्षात घ्या.

प्रतिसाद: कोबेकर

ताई, मैदान म्हणालात म्हणून आधी आवाजाचं सांगतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्पीकरपासून 50 मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला ठोका जवळजवळ 0.15 सेकंद उशिरा ऐकू येतो. 166 च्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतरच 0.36 सेकंद. म्हणजे मागची रांग बिचारी बरोबर नाचत असूनही चुकलेली दिसणार. मैदानाच्या दोन टोकांना दोन स्पीकर लावले तर आणखी वाईट, प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. एकाच बाजूला स्पीकर ठेवा आणि मुलांना त्याच्या जवळ, रुंद रांगांत उभं करा. चौकोन खोल नको.

वेगाचं म्हणाल तर 120-130 च्या आसपास या वयाची मुलं आरामात पाय टाकतात. त्याहून जलद गाणं घ्यायचंच झालं तर एक सोडून एक ठोक्यावर हालचाल बसवा. 'आयडॉल'मध्ये मात्र चाल आणि ढंग मध्येच इतके बदलतात की तो उपायही पुरत नाही. माझ्या मते ते सोडूनच द्या.

मिसेस ग्रीन ॲपल या बँडचं 'डान्सहॉल' (2022) ऐकलंत का? सकाळच्या टीव्ही कार्यक्रमाचं शीर्षकगीत होतं, त्यामुळे आईबाबांनाही पाठ असतं. चाल हसरी आहे आणि ध्रुवपद आलेलं लगेच कळतं. लहान मुलांसाठी ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ध्रुवपद आलं की ठरलेला नाच करायचा, कडव्यात नुसतं चालत जागा बदलायची. बास. कडव्यालाही वेगळा नाच बसवायला गेलात की सरावाचे दिवस पुरत नाहीत.

प्रतिसाद: लेझीमवाली

मी सातारा जिल्ह्यात शाळेत लेझीम घेते. जपानी गाण्यांतलं मला कळत नाही, पण वाजवायच्या वस्तूबद्दल सांगते. हातात वाजणारी वस्तू असली की मूल स्वतःचा ठोका स्वतः ऐकतं. स्पीकर लांब असला तरी शेजारच्याच्या आवाजावर ते सावरतं. मात्र सुरुवातीचे दिवस वस्तू अजिबात देऊ नका. आधी पाय, मग रिकामे हात, आणि पाय पक्के झाले की मगच वस्तू. उलटं केलंत तर पोरं नुसती वाजवत बसतात.

तोंडाने आकडे मोजून घ्या, आठपर्यंत. दर आठाला एकच बदल. आणि लाजरं मूल मागे लपवू नका, दोन पक्क्या मुलांच्या मध्ये उभं करा.

प्रतिसाद: कागदपत्री

हक्कांबद्दल. जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या 38 व्या कलमानुसार नफ्याचा हेतू नसेल, प्रेक्षकांकडून पैसे घेतले नसतील आणि सादर करणाऱ्यांना मानधन नसेल, तर प्रसिद्ध झालेलं गाणं कार्यक्रमात परवानगीशिवाय वाजवता येतं. उन्दोकाई त्यात बसते. नेटवर व्हिडिओ टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, ही सूट तिथे लागू होत नाही. त्यात इतरांच्या मुलांचे चेहरेही असतात. पालकांना जी सूचना पाठवाल तिच्यात हे स्पष्ट लिहा.

गाणं फोनवरच्या वैयक्तिक सबस्क्रिप्शनवरून लावू नका, त्या ॲपच्या अटी बहुधा फक्त स्वतःपुरत्या ऐकण्याच्या असतात. उन्दोकाईसाठी नाच बसवून दिलेल्या सीडी-डीव्हीडी निप्पॉन कोलंबिया आणि किंग रेकॉर्ड्स काढतात. त्या एकदा बघा, सेन्सेईंचं कामही हलकं होईल.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. 'आयडॉल' बाद, हे आता मी ठामपणे सांगू शकेन. कारण हातात आकडे आहेत, नुसतं "मला नको वाटतं" नाही.

ज्येष्ठ सेन्सेईंशी आज बोलले. मुलं मैदानात शिरताना सोरानचा छोटा तुकडा ठेवायचा, तीन वेळा जाळं ओढायचं, एकदा आरोळी, आणि मग 'डान्सहॉल'. सोरान पूर्ण घेतलं तर गुडघे वाकवून इतका वेळ खाली राहायला या मुलांच्या मांड्यांत बळ नसतं, असं त्याच म्हणाल्या.

लेझीमवाली ताई, तुमचं वाचून मी नारुको सुचवली. जपानच्या कोची भागातल्या योसाकोई नाचात हातात धरतात ती लाकडी वाजती पट्टी. मुळात ती भातशेतातली पाखरं हाकलायला वापरत. वर्गात दुधाच्या रिकाम्या खोक्याची मूठ आणि बाटलीची झाकणं लावून प्रत्येक मूल स्वतःची बनवेल. 'डान्सहॉल'च्या ध्रुवपदात ती वाजवायची, कडव्यात छातीशी धरून चालायचं.

आता एकच अडलंय. झाकणं दोरीने बांधली तर आवाज बसका येतो, चिकटवली तर सरावातच निघून येतात. कुणी अशी नारुको मुलांकडून करून घेतली असेल तर झाकणं कशी बसवली ते कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात सामान गोळा करायचंय.