रेटिना म्हणजे जाळे, पण कसले जाळे?

विनया_क
रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पातळ थर (दृष्टिपटल). हे नाव लॅटिन ‘रेते’, म्हणजे जाळे, यावरून आले आणि ते जाळे रक्तवाहिन्यांचे, असे मुलांना सर्रास सांगितले जाते. पण जिवंत डोळ्याच्या आत पाहायचे यंत्र जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ साली जगापुढे आणले. नाव तर त्याच्या कितीतरी आधीचे. मग जाळे दिसले कुणाला?

जुनीपोथी
रक्तवाहिन्यांचा संबंध नाही. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन या थराला ‘अँफिब्लेस्ट्रोइदेस’ म्हणतो. अँफिब्लेस्ट्रॉन म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, आपल्या कोकणातला पाग. उपमा मूळची गेलनच्या आधीच्या, अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस या वैद्याची मानतात. अरबीत याचे ‘शबकिय्या’ झाले. शबका म्हणजे कुठलेही जाळे. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोमध्ये जेरार्ड या अनुवादकाने इब्न सीनाचा ‘कानून’ हा अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणला, त्यात ‘रेटिना’. आकाराची खूण वाटेतच गळाली, म्हणून लोक विणीची भोके शोधत बसतात. पाहायचा तो आकार.

प्रयोगवही
आकार बकऱ्याच्या डोळ्यात स्पष्ट दिसतो. डोळा त्याच दिवशी कापलेल्या बकऱ्याचा हवा. शिळ्या डोळ्यात पटलाचा लगदा होतो. हातमोजे घाला. बुबुळाच्या कडेपासून साधारण १ सेंमी मागे ब्लेडने छेद द्या आणि तिथून कात्रीने गोल कापत जा. पांढरे आवरण चिवट असते. दाबून कापले की आतला गर उसळतो आणि पटल फाटते. मागची वाटी पाण्यात बुडवून गर हलकेच काढा.

दृष्टिपटल घट्ट चिकटलेले असते ते दोनच जागी: पुढची दातेरी कड आणि मागे चेतातंतू बाहेर पडतो तो अंधबिंदू. पुढची कड कापली गेल्यामुळे ते सुटते आणि अंधबिंदूला धरून लोंबते, मधोमध दोरीने उचललेल्या पागासारखे. पाण्याबाहेर काढलेत तर चिमूटभर पांढरट गोळा उरेल. असा गोळा मेंदूचाच तुकडा वाटेल, असे गेलननेही लिहिले आहे, आणि भ्रूणात हे पटल खरोखरच मेंदूच्या फुगवट्यातून तयार होते. खाली दिसणारी निळी-हिरवी चकाकी मात्र रेटिना नव्हे. तो मागचा परावर्तक थर, माणसात नसतो.

नेत्रतंत्री
माणसाच्या डोळ्याचा ‘पडदा सरकतो’, म्हणजे हेच दृष्टिपटल सुटते, तेव्हाही असेच घडते. पटलाला भोक पडते, त्यातून पाणी मागे शिरते आणि पडदा सुटत जातो. पूर्ण सुटला की सोनोग्राफीत अंधबिंदूला टेकलेले नरसाळे दिसते. अचानक चमका, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव किंवा एका बाजूने सावली आली तर त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी करून घ्या. नुसते भोक असेल तर लेझरने भागते. पडदा सुटला असेल तर बहुधा शस्त्रक्रियाच लागते.