बीजीएमआय: क्राउनच्या वर टिकत नाहीये. १५ हजारांत फोन घेऊ की दुसरं काही?

अमळनेरी_४१६
नमस्कार मंडळी. अमळनेरला असतो, कॉलेजचं शेवटचं वर्ष. पबजीच्या भारतीय आवृत्तीत, बीजीएमआयमध्ये, क्राउन रँकला अडकलोय. त्याच्या वरच्या एसला पोचलो की दोन-चार मॅचमध्ये परत खाली. चौघांचा स्क्वाड आहे: आम्ही दोघं इथले, एक चोपड्याचा, एक पारोळ्याचा. एप्रिलमध्ये जळगावला एका कॉलेजात स्पर्धा आहे, तिथे उतरायचंय. सध्याचा फोन स्मूथ-एक्स्ट्रीमवर (हलकी ग्राफिक्स, जास्त फ्रेमरेट) सुरुवातीला नीट चालतो, तिसऱ्या झोननंतर (खेळायचं वर्तुळ तिसऱ्यांदा आवळल्यावर) अडखळतो, नेमका मारामारीच्या वेळी. बजेट १५ हजार. कापसाच्या पैशातून पप्पांनी दिलेत, त्याच्या वर एक रुपया नाही. फोन सुचवा. आणि जायरो (फोन कलवून नेम धरणं) शिकू का? सध्या दोन अंगठ्यांवर खेळतो.

सुवर्णनगरी_जळगाव
१५ मध्ये गेमिंग फोन येत नाही भाऊ, विषय संपला. ४० कर. मी दिवाळीत घेतला, ९० एफपीएस (सेकंदाला ९० फ्रेम) लोण्यासारखं चालतं. हप्त्यावर घे, कळत पण नाही.

भुसावळ_जंक्शन
त्याने एक रुपया वर नाही असं लिहिलंय, तुम्ही ४० सांगताय. असो. अमळनेरी, तुझा फोन जुना झालाय की तापतोय ते आधी बघ. सुरुवातीला नीट आणि नंतर अडखळणं म्हणजे बहुतेक तापणंच. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, स्क्रीनही मंद होते. आपल्याकडे मार्चातच ४० लागतो, मेमध्ये ४५ च्या वर. पत्र्याच्या खोलीत दुपारी खेळलास तर ४० हजारांचा फोनपण हेच करणार. कव्हर काढ, चार्जिंगला लावून खेळू नको, एकदा पहाटे पाचला खेळून बघ. पहाटे अडखळला नाही तर फोनचे पैसे वाचले.

रावेरचा_केळीवाला
मले त वाटते फोनच्या मागे लावायचा कूलर घे भो. हजार-बाराशेत येतो. माह्या पुतण्याने लावला, मस्त खेळून राह्यला. फक्त एक ध्यानात ठेव, खोलीत पाण्याचा कूलर चालू असला की त्या थंड पट्टीवर दव धरते. पुतण्याच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं, दुकानदार म्हणे वॉरंटीत बसत नाही. दोन्ही कूलर एका टायमाला लावू नको.

धुळ्याचा_आप्पा
कसाले भो इतला पैसा घालस? गेम आज शे, सकाय नही. सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झालं. जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं, २०२२ च्या जुलैत तेही स्टोअरवरून गायब, परत यायला मे २०२३ उजाडला. आमच्या पोराने यूसी (गेममधलं विकतचं चलन) भरून ठेवलं होतं. पप्पांचे पैसे आहेत, ठिबकला लाव.

सुवर्णनगरी_जळगाव
आप्पा, त्याने फोन विचारलाय, ठिबक नाही. आणि माझा फोन तापत नाही, एसीत खेळतो.

तापीकाठची
शिरपूरहून. आमचा मुलींचा स्क्वाड आहे, एस मास्टरपर्यंत जाऊन आलोय, म्हणून लिहिते.

फोनचं भुसावळकर बरोबर सांगताहेत. आणखी एक: खोक्यावर १२० हर्ट्झ लिहिलंय म्हणजे गेममध्ये ९० एफपीएस मिळेलच असं नाही. कुठल्या मॉडेलला कुठला फ्रेमरेट द्यायचा ते गेम ठरवतो. दुकानात गेम टाकून ग्राफिक्सचं पान उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ६० ला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, ९० ला ११ ची. फरक आहे, पण क्राउनला अडकायचं कारण हे ६ मिलिसेकंद नाहीत.

आता खरं दुखणं. मेल्यावर डेथ रिप्ले दाखवतात, तो सगळे स्किप करतात. तो बघ. तुला मारणाऱ्याच्या डोळ्यांनी तू कसा दिसत होतास? आणि वहीत एकच शब्द लिही: नेम, जागा किंवा माहिती. म्हणजे समोरासमोर नेम चुकला, की उघड्या रानात पळताना सापडलास, की तो तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं. आठवडाभराने वही उघड. आमच्या वहीत ‘जागा’ भरमसाट निघाली. झोन आवळायला लागल्यावर सामान गोळा करत बसायचो आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पळायचो. जायरो त्याला काय करणार?

कॉल कसे देता तेही ऐका एकदा. आमच्यातली एक नुसती ओरडायची, “तठे शे, तठे शे!” अगं, तठे म्हणजे कुठे? वर होकायंत्राचे आकडे असतात ते वाचायचे: “२१५, दगडामागे, एक नॉक, दुसरा उचलतोय.” नॉक म्हणजे जखमी होऊन पडलेला. इतकंच. अहिराणीत बोला, मराठीत बोला, आकडा मात्र हवा.

चाळीसगाव_लोकल
ताई +१. पण माझं निरीक्षण असं की हल्लीचे लोक घरात दडून बसतात आणि एसला जातात. हा रडीचा डाव आहे. नकाशाच्या मधल्या गजबजलेल्या गावात, पोचिंकीत उतरा, लढा, मेलात तर मेलात. आमच्या वेळी असं नव्हतं.

भुसावळ_जंक्शन
आमच्या वेळी म्हणजे २०१९ ना? तेव्हापण लोक बाथटबमध्ये झोपून असायचे. गेम बनवणाऱ्यांनी घरं दिली, दारं दिली. आत बसलेला रडीचा कसा? ग्रेनेड टाका ना.

चाळीसगाव_लोकल
मर्दासारखं खेळायचं असतं.

तापीकाठची
हो का? बरं. स्पर्धेचा हिशोब वेगळा असतो दादा. १६ संघ, ६४ खेळाडू. मोठ्या स्पर्धांत पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, १, १ आणि दर किलला १. म्हणजे तीन किल करून जिंकलेल्याचे १३ होतात आणि आठ किल करून दुसरा आलेल्याचे १४. नुसतं दडून भागत नाही आणि पोचिंकीत पहिल्या पाच मिनिटांत मरूनही नाही. जळगावच्या स्पर्धेत कुठलं कोष्टक आहे ते आधी विचारून घ्या, खेळ त्यावर बेतायचा.

सुवर्णनगरी_जळगाव
ताई आयडी द्या ना, एक टीडीएम (समोरासमोरची छोटी मॅच) होऊन जाऊ दे.

तापीकाठची
नको. याच कारणाने आम्ही अनोळखी लोकांत माइक बंद ठेवतो. “म्यूट करायचं ना” हा सल्ला कोणी देऊ नये. म्यूट केलं तर कॉल ऐकायचे कसे?

नंदुरबार_टेकन
अवांतर: लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये टेकन ७ या मारामारीच्या गेममध्ये इव्हो जपान आणि अमेरिकेतली इव्हो या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकला. तोवर पाकिस्तानी खेळाडूंना बाहेर कोणी मोजत नव्हतं. मायदेशी रोज तगड्या लोकांशी खेळून तयार झालेला माणूस. अमळनेरी, तुमच्यापेक्षा चांगला स्क्वाड शोधून त्यांच्याकडून रोज मार खा.

चाळीसगाव_लोकल
टेकनचा इथे काय संबंध?

नंदुरबार_टेकन
अवांतर लिहिलंय ना वर.

शहादा_फायबर
फोन तापत असेल तर कव्हर काढून बघ. आणि चार्जिंगला लावून खेळू नको.

भुसावळ_जंक्शन
वर सांगून झालंय हो.

शहादा_फायबर
मी आत्ता आलो. मग नेटचं सांगतो, ते कोणी सांगितलेलं नाही. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा, दोन भिंती पलीकडे असेल तर २.४ च बरा. लाइट जाते तेव्हा फोन चालू असतो, राउटर बंद पडतो आणि मॅच जाते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घे. माझा रँक त्यानेच वाढला.

रावेरचा_केळीवाला
पोराले एक सांगतो. हरल्यावर चिडून लगेच पुढची मॅच लावू नको. पुतण्या रात्री दोनपर्यंत “ही शेवटची” करत बसायचा अन् जमवलेले सगळे पॉइंट घालवायचा. आता दोन हारल्या की वहिनी वायफाय बंद करते. वर गेला बेटा.

अमळनेरी_४१६
सगळ्यांचे आभार. भुसावळकर, पहाटे खेळून बघितलं, अजिबात अडखळला नाही. म्हणजे तापणंच. ताई, वही केलीय, ‘माहिती’ जास्त निघतेय, चोपडेकर कॉलच देत नाही.

पण दरम्यान मावसभावाने जुना आयपॅड १२ हजारांत देतो म्हटलं. घेतला. स्क्रीन मोठी, आजूबाजूचं जास्त दिसतं. टेबलावर ठेवून चार बोटांनी खेळतोय.

तापीकाठची
अरे, मोठ्या अधिकृत स्पर्धांत टॅबलेट चालत नाही! फोनच लागतो. जळगाववाल्यांना विचारलंस का?

अमळनेरी_४१६
विचारलं. म्हणाले, नियम अजून बनायचेत.

भुसावळ_जंक्शन
आणि नाही म्हणाले तर?

अमळनेरी_४१६
तर जुना फोन आहे ना. स्पर्धा एसी हॉलमध्ये आहे.

सुवर्णनगरी_जळगाव
त्या १२ मध्ये हप्ता सुरू झाला असता.

धुळ्याचा_आप्पा
उरलेले ३ हजार पप्पाले परत दे.

अमळनेरी_४१६
त्यातून राउटरचा यूपीएस मागवलाय आप्पा. आज रात्री ९ ला रूम (आपली खासगी मॅच) टाकतोय, चोपड्याला लाइट नाही म्हणून एक जागा रिकामी आहे. कोण येतंय? आकड्यात कॉल देणाराच या.