इंग्रजी पत्रात 'यूज' पुरेसं असताना 'यूटिलाइझ' कशाला?

साधीसोपी: 'यूज'च्या जागी 'यूटिलाइझ', 'बिफोर'च्या जागी 'प्रायर टू', 'बाय'च्या जागी 'परचेस'. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली आणि तिथून आलेले 'परचेस'सारखे शब्द भारदस्त ठरले. आज त्या भारदस्तपणाने वाचणाऱ्याचा नुसता वेळ जातो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची शैलीपुस्तिकाही 'यूटिलाइझ', 'फॅसिलिटेट', 'लेव्हरेज' टाळायला सांगते.

मसुदेवाला: सरसकट नको. खरेदी विभागाची 'परचेस ऑर्डर' असते. 'बाय ऑर्डर' म्हटलं की तो शेअर बाजारातला सौदा होतो. 'ग्लुकोज यूटिलायझेशन' ही तर जीवरसायनातली ठरलेली संज्ञा आहे. करारातला 'शॅल'ही असाच मुरलेला.

साधीसोपी: संज्ञा मान्य. 'शॅल' मात्र अजिबात नाही. 'द टेनंट शॅल पे' यात बंधन आहे, 'धिस अ‍ॅग्रीमेंट शॅल टर्मिनेट' यात कुणावरच बंधन नाही. एकाच करारात एक शब्द दोन कामं करू लागला की वाद तिथेच उभा राहतो. बंधन असेल तिथे 'मस्ट', बाकी साधा वर्तमानकाळ.

टपालखाते: मला 'प्लीज डू द नीडफुल' जास्त खटकतं. जुनं ब्रिटिश वळण आपल्याकडे टिकलं, त्याला हरकत नाही. पण काय करायचं, कुणी, कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नसतं. आपल्या 'योग्य ती कार्यवाही करावी'चंही तेच. त्यापेक्षा 'प्लीज सेंड द साइन्ड फॉर्म बाय फ्रायडे, 5 पीएम' लिहा.

मसुदेवाला: वरिष्ठांना असं लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'नीडफुल'मध्ये अदब आहे आणि भारतात ते सगळ्यांना कळतं.

टपालखाते: अदब 'कुड यू' ने येते: 'कुड यू साइन धिस बाय फ्रायडे?' मुदतही राहते, मानही राहतो. आणि सगळ्यांना कळतं म्हणाल तर 'काइंडली रिव्हर्ट' बघा. भारतात, सिंगापुरात त्याचा अर्थ 'उत्तर द्या'. ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाला 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. सॉफ्टवेअरवाल्यांत तर केलेला बदल मागे घेणं! कोडमधल्या बदलाखाली 'प्लीज रिव्हर्ट' लिहिलंत, तर समोरचा तो बदल खरंच काढून टाकेल. 'रिप्लाय' लिहा.

मसुदेवाला: 'रिव्हर्ट' सोडला. 'नीडफुल' नाही; रोजच्या ठरलेल्या कामात काय करायचं ते दोघांनाही माहीत असतं.

व्याकरणवेडी: 'प्लीज काँटॅक्ट अनिल ऑर मायसेल्फ' राहिलंच. इंग्रजी 'मी' (me, म्हणजे 'मला') कमी नम्र वाटतो म्हणून हे लिहितात आणि वाक्य चुकतं. दुसरं नाव काढून बघा: 'काँटॅक्ट मायसेल्फ' कुणी म्हणेल का? 'मी'च हवं. 'बिट्वीन यू अँड आय'सुद्धा त्याच भीतीतून येतं, तिथेही 'मी'च. शेवटच्या ओळीचा ब्रिटिश रिवाज मात्र पाळावा: 'डिअर सर' असेल तर 'युअर्स फेथफुली', नाव घातलं असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. अमेरिकी पत्रात दोन्हीकडे 'सिन्सिअरली' चालतं.